योगी अस्वलाच्या गळ्यात टाय का?

लहानपणीची कार्टून्स पुन्हा लावून बसणार असाल तर पॉजचं बटण हाताशी असू द्या, आणि सुरुवात योगी अस्वलापासून करा. अंगात शर्ट नाही, पँट नाही, पण गळ्यात कॉलर आणि हिरवा टाय. त्याचा सोबती बू-बू याच्या गळ्यात बो, हकलबेरी हाउंड या कुत्र्याच्याही. स्नॅगलपसला तर कॉलरच्या जोडीला मनगटावर कफसुद्धा. जंगलात राहणाऱ्यांना ही हौस कशाला? हौस नव्हेच, काटकसर आहे. कॉलर असते तिथे चित्राला सांधा असतो. धड एका पारदर्शक शीटवर, डोकं दुसऱ्या शीटवर, आणि दोघांच्या जोडाची रेघ कॉलरखाली झाकलेली. योगी बोलत असतो तेव्हा धडाचं एकच चित्र पाच-दहा सेकंद तसंच ठेवून नुसतं डोकं बदलता येतं. फ्रेड फ्लिंटस्टोनचा निळा टायही याच घराण्यातला.

थोडा हिशेब मांडू. फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते, त्यामुळे बहुतेक काम सेकंदाला १२ चित्रांवर चालतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत ‘टॉम अँड जेरी’ करत होते तेव्हा एक भाग साधारण सात मिनिटांचा असे. म्हणजे १०,०८० फ्रेम, म्हणजे एका पात्राची ५,०४० चित्रं, आणि पात्रं दोन. झपाट्याच्या हालचालीत तर प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतं. थिएटरच्या जमान्यात हे परवडत होतं. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला, या दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘रफ अँड रेडी’ टीव्हीवर आणलं. योगी, हकलबेरी, फ्रेड हे सगळे पुढे याच कंपनीतून आले. हात तेच, पण पैसे आधीच्या मानाने किरकोळ आणि मानगुटीवर दर आठवड्याची मुदत. तिथून पुढे प्रश्न एकच उरला: कोणतं चित्र काढलं नाही तर चालेल?

दहा सेकंदांचा संवाद घ्या. पूर्ण ॲनिमेशन केलं तर १२० चित्रं. टीव्हीच्या पद्धतीने धड एक, डोक्याच्या चार स्थिती, डोळे उघडे, अर्धे आणि मिटलेले असे तीन, तोंडाचे आकार सात. पंधरा चित्रांत काम फत्ते.

तोंडाचे हे आकार थोड्याफार फरकाने सगळ्या स्टुडिओंत सारखेच. प-ब-म साठी मिटलेले ओठ, ‘आ’साठी उघडं तोंड, ‘ई’साठी फाकलेलं, ‘ओ’साठी गोल, ‘ऊ’साठी चंबू, फ-व साठी खालच्या ओठावर टेकलेले दात, ‘ल’साठी वर लागलेली जीभ. आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो. मग एक जण तो तुकड्यातुकड्याने ऐकून एक्सपोजर शीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, नोंद करतो: ४१व्या फ्रेमला ‘म’, ४५व्या फ्रेमला ‘आ’. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतात, कारण बोलताना ओठ आधी हलतात. उलट झालं आणि आकार दोन फ्रेम मागे पडला की आवाज पात्राचा न वाटता बाहेरून चिकटवल्यासारखा वाटतो. सगळ्यात जास्त खटकतात ते चुकलेले मिटलेले ओठ. म्हणून तर डबिंगचे संवाद लिहिणारे पात्राचे ओठ मिटतात नेमक्या त्याच जागी प, ब, म येईल असा शब्द शोधत बसतात. जपानी मालिकांत ही डोकेदुखी कमी. तिथे बहुतेक टीव्ही मालिकांत तोंडं तीनच, मिटलेलं, अर्धं आणि उघडं, आणि ती कुठल्याही भाषेत खपून जातात.

जे चित्र काढायचं नाही ते आवाजाने भरून काढायचं, ही पुढची युक्ती. पात्र जागच्या जागी पाय फिरवतं (तीन-चार चित्रांचं चक्र), बोंगो वाजतो, ‘झिप्’ होऊन पात्र चौकटीबाहेर जातं, पडद्याआड धडाम्, आणि कॅमेरा दोन-चार वेळा वरखाली हलतो. आदळण्याचं एकही चित्र कुणी काढलेलं नाही, तरी आपण ते पाहिल्याची शपथ घेऊ. फ्रेड चवड्यांवर तुरुतुरु धावत बोलिंगचा चेंडू टाकतो, तिथलं अर्धं काम त्या टणटण आवाजाचं आहे. पडताळा घ्यायचा तर आवाज बंद करून बघा. ‘टॉम अँड जेरी’ मुक्यानेही कळतं. ‘फ्लिंटस्टोन्स’ पाच मिनिटांत समजेनासं होतं. कार्टून दिग्दर्शक चक जोन्स अशा कार्टूनांना सचित्र रेडिओ म्हणत. टोमणा खरा आहे, पण मला त्यात कमीपणा वाटत नाही. चांगले आवाज, खटकेबाज संवाद आणि ठसठशीत रेखाटन असेल तर कमी चित्रांतही पात्र उभं राहतं, आणि ‘फ्लिंटस्टोन्स’चे १६६ भाग त्याची साक्ष आहेत.

आता मुलांनी कधीच ओळखलेली गोष्ट: खोलीतल्या चार दारांपैकी कोणतं उघडणार, किंवा कड्यावरच्या खडकांपैकी कोणता पडणार, हे आधीच कळायचं. तो खडक जरा फिका, सपाट, कडेला काळी रेघ असलेला. कारण सरळ आहे. मागचा देखावा कागदावर जलरंगात किंवा पोस्टर कलरसारख्या अपारदर्शक रंगात रंगवतात, त्यात छटा असतात, ब्रशचे फटकारे असतात. हलणारी वस्तू मात्र सेलवर, म्हणजे ॲसिटेटच्या पारदर्शक शीटवर असते: पुढच्या बाजूने शाईची रेघ, मागच्या बाजूने सपाट रंग. दोन्ही रंग एकाच डबीतले असले तरी कागदावर आणि प्लॅस्टिकमागे ते सारखे दिसत नाहीत. त्यातच सेल पूर्ण पारदर्शक नसतो. प्रत्येक थर थोडा उजेड खातो. एका वेळी चार-पाच थर ठेवायची पद्धत होती, आणि सगळ्यात खालच्या थरावरचा रंग वरच्या थरांमुळे मळका दिसतो, म्हणून खालच्या सेलसाठी तोच रंग मुद्दाम उजळ कालवत. थरांची संख्या दृश्याच्या मध्येच बदलली तर सगळं चित्र किंचित उजळतं किंवा काळवंडतं. ते टाळायला पात्र निघून गेलं तरी त्याच्या जागी कोरा सेल ठेवायचा. ठेवायला विसरले असतील तर पॉज करून एकेक फ्रेम पुढे नेताना हा झटका स्पष्ट पकडता येतो.

अशा चुका शोधायच्या तर दृश्य बदलण्याच्या आसपास शोधा. एखाद्या फ्रेमपुरता बाहीचा रंग उडालेला असतो, म्हणजे रंगवणाऱ्याच्या हातून तेवढा एक सेल सुटला. हात टेबलाच्या मागून जायला हवा तो पुढून जातो, म्हणजे कॅमेऱ्याखाली थरांचा क्रम उलटला. संपूर्ण पात्र एका फ्रेमला केसभर सरकतं, म्हणजे सेल खुंट्यांवर नीट बसला नव्हता. सेलच्या कडेला तीन भोकं असतात, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट, आणि ती टेबलावरच्या खुंट्यांत बसवतात. चित्र काढताना, रंगवताना आणि कॅमेऱ्याखाली खुंट्या तशाच असतात म्हणून हजारो शीट एकमेकांवर अचूक बसतात. भोक थोडं फाटलं की पात्र थरथरायला लागतं.

धावण्याच्या दृश्यात तेच टेबल, तीच खिडकी, तेच झाड पुन्हा पुन्हा येतं, त्याचंही गणित आहे. कॅमेऱ्याची चौकट १२ इंच रुंद धरा. मागचा देखावा ३६ इंचांचा काढतात, पण त्याचे शेवटचे १२ इंच आणि पहिले १२ इंच हुबेहूब सारखे. देखावा सरकत शेवटापर्यंत आला की गुपचूप पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवायचा. खरं नवं अंतर २४ इंच. फ्रेममागे पाव इंच सरकवलं तर ९६ फ्रेम, म्हणजे चार सेकंदांनी तेच टेबल परत. अर्धा इंच सरकवलं तर दोन सेकंदांनी. घड्याळ लावून मोजा, बहुतेक धावपळीची दृश्यं दोन ते चार सेकंदांच्या फेऱ्यात सापडतील. चालण्याचं चक्र साधारण १२ फ्रेमला एक पाऊल, दोन पावलांना २४ फ्रेम, म्हणजे १२ चित्रं. ती काढली की पात्र हवं तितकं चालवा. गडबड होते ती दोन्ही जोडताना. पाऊल तीन इंचांचं असेल आणि ते १२ फ्रेमचं असेल, तर देखावा फ्रेममागे बरोबर पाव इंचच सरकायला हवा. जास्त सरकला तर पात्र बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं, कमी सरकला तर पाय मागे ओढल्यासारखे. शिवाय पात्राचं चित्र दोन फ्रेम स्थिर आणि देखावा मात्र दर फ्रेमला सरकतोय, यामुळे टेकलेला पाय जमिनीवर बारीक थरथरतो. जलद पळण्यात हे लपतं, संथ चालण्यात उघडं पडतं. टीव्ही कार्टूनमधली पात्रं संथ चालताना कंबरेखाली का दिसत नाहीत, त्याचं एक उत्तर हे.

सगळ्यात कडक काटकसर फिल्मेशन या अमेरिकी स्टुडिओची. ‘ही-मॅन’मध्ये तलवार उंचावण्याचं दृश्य प्रत्येक भागात येतं ते एक वेळ कथेची गरज म्हणू, पण त्याची धाव, उडी, ठोसा, वळून हसणं हेही साठवून ठेवलेल्या संग्रहातलं आहे. मागचा देखावा बदला, हालचाल तीच. १९८३ पासून दोन हंगामांत प्रत्येकी ६५, एकूण १३० भाग असे निघाले. हा ६५चा आकडा ‘डकटेल्स’च्या (१९८७) पहिल्या हंगामातही दिसेल. आठवड्याचे पाच दिवस आणि तेरा आठवडे यांचा गुणाकार आहे तो. वाहिन्यांना रोज दाखवायला तिमाहीचा साठा एकरकमी हवा असायचा. जपानमध्ये ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ने १ जानेवारी १९६३ पासून हाच रस्ता धरला: चित्र दोनऐवजी तीन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं, आणि जुनी चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. पुढच्या जपानी मालिकांची चाल इथेच ठरली. एक पात्र आ वासून स्थिर, मागे वेगाच्या रेघा, आणि कॅमेराच चित्रावरून सरकतो. पैसे वाचवायला शोधलेली ही शैली तणावाच्या क्षणी इतकी चपखल बसते की आता हाताशी पैसे असले तरी ती सोडत नाहीत.

एकाच मालिकेत पात्राचा चेहरा भागागणिक बदललेला वाटतो, तेही खरंच असतं. कथा, आवाज आणि स्टोरीबोर्ड एका ठिकाणी, प्रत्यक्ष चित्रं दुसऱ्या देशात, असा मामला. ‘डकटेल्स’च्या पहिल्या हंगामाचं बरंच काम टोकियोच्या टीएमएस स्टुडिओने केलं. १९९२च्या ‘बॅटमॅन’ मालिकेत तर भाग कोरिया आणि जपानमधल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत वाटलेले होते. श्रेयनामावलीच्या शेवटी स्टुडिओचं नाव असतं, ते टिपत गेलात तर चार-सहा भागांत नाव न वाचताही हात ओळखू येतो. जाता जाता त्याच ‘बॅटमॅन’चे देखावे बघा: ते काळ्या कागदावर रंगवलेत. नेहमी पांढऱ्यावर अंधार चढवतात, इथे अंधारातून उजेड काढलाय, म्हणून ती रात्र एवढी दाट दिसते.

‘टॉम अँड जेरी’ म्हणताना नक्की कोणतं, हेही ठरवून घ्या. १९४०चा पहिला भाग बघाल तर टॉम केसाळ, खऱ्या मांजरासारखा, आणि त्याचं नाव तेव्हा जॅस्पर होतं. दशकाच्या मध्यापर्यंत केस आणि बारीक रेघा कमी झाल्या. हॅना-बार्बेरांचे ११४ भाग १९५८ पर्यंतचे, आणि सात ऑस्कर त्यांतलेच. त्यानंतरचे १३ दिग्दर्शक जीन डाइच यांनी प्राग शहरात केले. आवाज घुमतो, हालचाल तुटक, वातावरण विचित्र; लहानपणी ‘हे काहीतरी वेगळंच आहे’ वाटायचं ते बहुधा हेच. मग १९६३ ते १९६७ चक जोन्स यांचे ३४: टॉमच्या भुवया जाड, जेरीचे डोळे आणि कान मोठे. जेरीच्या गळ्यात लाल बो दिसला आणि दोघं मित्र म्हणून हिंडत असले तर ती १९७५ची टीव्ही मालिका. मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी नको, असा तेव्हा दट्ट्या होता. ही मालिका मला बघवत नाही. पाठलाग काढून घेतल्यावर त्या दोघांना करायलाच काही उरलेलं नाही. मूळ भागांतल्या घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंचं चित्रण वंशभेदी म्हणून आक्षेपार्ह ठरलं. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी सडपातळ गोरी बाई नव्याने काढली गेली, पुढे नव्वदच्या दशकात मूळ चित्रावर नुसता आवाज बदलला. एकाच भागाच्या तीन आवृत्त्या फिरत असतात त्या अशा.

राहिला प्रश्न आज हाती येणाऱ्या प्रतीचा. जुनं कार्टून ‘तसं वाटत नाही’ यात दर वेळी दोष आठवणीचा नसतो.

शीर्षकगीत आठवणीपेक्षा उतरलेलं वाटलं तर आधी वेग तपासा. भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत पाल (PAL) होती; तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम जायच्या, त्यामुळे २४ फ्रेमची फिल्म चार टक्के वेगाने चालवत. २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपायचा आणि सूर अर्ध्या स्वराच्या सत्तर टक्के चढायचा. काळी चारचं गाणं जवळजवळ पांढरी सहाला पोचायचं. कानात बसलाय तो चढा सूर. उलट तुमच्याकडे पाल प्रत असेल आणि मूळ वेग हवा असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये वेग ०.९६ करा. पण ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर चाल कमी होईल आणि सूर चढाच राहील.

पात्रांची डोकी वरून छाटलेली दिसली तर जुन्या टीव्हीच्या आकाराचं ४:३चं चित्र छाटून रुंद १६:९ केलेलं आहे. वरखालून मिळून एक चतुर्थांश चित्र गेलं. चाकं लंबगोल दिसली तर छाटलेलं नाही, ताणलेलं आहे, आणि ते व्हीएलसीत ‘ए’ कळ दाबून दुरुस्त होतं. छाटलेलं परत येत नाही. १९५४ नंतरच्या काही ‘टॉम अँड जेरीं’ची गोष्ट उलटी. ते सिनेमास्कोपमध्ये रुंद काढलेले, आणि टीव्हीच्या चौकोनी प्रतीत दोन्ही बाजूंनी मिळून चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कापलेलं. जेरी नुसता ऐकू येतो आणि दिसत नाही, अशी जागा त्यात हमखास सापडते.

हालचालीत कडा करवतीसारख्या दिसल्या तर चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक गुंफलेल्या आहेत. व्हीएलसीत ‘डी’ कळ दाबून त्या वेगळ्या करून (डीइंटरलेस) बघा. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत पाचातल्या दोनच फ्रेमना दात दिसत असतील, तर साधं डीइंटरलेस न वापरता त्याच यादीतलं आयव्हीटीसी (IVTC) निवडा, म्हणजे मूळ २४ फ्रेम परत मिळतात. एका फ्रेममध्ये पात्राच्या दोन पुसट छाया असतील तर मात्र ते मिश्रण प्रतीतच भाजून निघालंय, इलाज नाही. एकेक फ्रेम पुढे न्यायला व्हीएलसीत ‘ई’, यूट्यूबवर पॉज करून पूर्णविरामाची कळ.

‘रिमास्टर्ड’ शब्दाला भुलू नका. ओरखडे आणि फिल्मचे कण काढणारी यंत्रणा क्षणात येऊन क्षणात जाणारी बारीक गोष्ट म्हणजे घाण समजते. कार्टूनमध्ये झपाट्याने हललेली शाईची रेघही तशीच असते. मग टॉम पळताना त्याच्या मिशा तुटक होतात, बोटांची कड गायब होते. म्हणून दोन प्रती मिळाल्या तर स्थिर दृश्याची तुलना करू नका, त्यात साफ केलेली प्रत नेहमी जिंकते. पळापळीतली एकच फ्रेम दोन्हीकडे थांबवा आणि मिशा मोजा.

जपानी मालिकांत स्फोटाची, विजेची दृश्यं अचानक अंधुक आणि संथ वाटली तर त्यामागे १६ डिसेंबर १९९७ची ‘पोकेमॉन’ची घटना आहे. लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि साडेसहाशेहून जास्त जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. तो भाग पुन्हा दाखवला नाही, सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको असा दंडक आला, आणि आधीच्या भागांतले झगमगाटही मंद केले गेले.

आणि डबिंगची प्रत मूळ भाषेतल्या प्रतीशी ताडून बघणार असाल तर संगीत जुळेल ही अपेक्षा सोडा. संवाद वगळून नुसतं संगीत आणि आवाज असलेला वेगळा ट्रॅक मिळाला तर डबिंगवाले तो वापरतात. नसेल तर सगळं नव्याने भरावं लागतं, आणि शीर्षकगीत तर बऱ्याचदा मुद्दामच नवं करतात. मोगलीच्या जपानी मालिकेचं गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं हिंदी गाणं मूळ जपानी भागांत शोधून सापडणार नाही. त्यामुळे अशा मालिकेची चकचकीत जपानी प्रत हाती आली तरी जुनी हिंदी फाईल पुसू नका. तिच्यातला ऑडिओ वेगळा काढून ठेवा, आधी दोन्हींची लांबी ताडून बघा, आणि फरक चार टक्क्यांचा निघाला तर वर सांगितलेलंच वेगाचं गणित लावून तो नव्या चित्राला जोडा.